जुनी ब्रिटिश गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीय? पाना हातात घेण्याआधी आरसी शोधा!

आता मोबाइलसारखे गाडीलाही सॉफ्टवेअर अपडेट येतात. महाळुंग्यातून मुळा नदी ओलांडून हिंजवडीकडे निघालात, तर ट्रॅफिकमध्ये आजूबाजूला अशाच गाड्या दिसतील. (हे मुळशी तालुक्यातलं, बालेवाडी क्रीडा संकुलाजवळचं महाळुंगे बरं का, चाकणचं नव्हे!) पण समजा, तुमच्या गावाकडच्या घरी किंवा काकांच्या शेडमध्ये एक जुनी अँबेसेडर धूळ खात उभी आहे. ती भंगारात द्यायची की चालू करायची?

चालू करता येते, आणि वाटतं त्यापेक्षा सोपी असते. या गाड्यांमध्ये एकही चिप नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो आणि हाताने दुरुस्त होतो. मात्र उत्साहाच्या भरात चुकीची गोष्ट आधी केली, तर गाडी 'विंटेज' होण्याचा हक्क गमावून बसते. म्हणून सगळं क्रमाने पाहूया.

अँबेसेडर ब्रिटिश कशी?

अँबेसेडर म्हणजे मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. हिंदुस्तान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात बनवली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं उत्पादन थेट २०१४ मध्ये थांबलं. त्याआधीची 'बेबी हिंदुस्तान' ही मॉरिस मायनर होती आणि 'लँडमास्टर' ही ऑक्सफर्ड सीरिज २. दुसरीकडे मद्रासची स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' बनवत होती. ती म्हणजे ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड. तिचं अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं आणि ९४८ सीसीचं इंजिन चारी बाजूंनी उघडं पडतं. शिकण्यासाठी याहून सोपी गाडी शोधून सापडणार नाही.

नवशिक्याला मात्र अँबेसेडर बरी. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं बनत राहिलं, त्यामुळे पार्ट मिळतात आणि ते इंजिन खोललेले मेकॅनिकही भेटतात.

पायरी १: कागद

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. थोडक्यात अशी:

- पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला असावा.
- गाडी मूळ रूपात असावी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा.
- नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. नोंदणी १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये.
- नंबर प्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात.
- रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यासाठी गाडी रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायला किंवा भाड्याने द्यायला नाही.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. गॅरेजवाला म्हणतो, "जुनं इंजिन काढून डिझेल टाकू, मस्त अ‍ॅव्हरेज देईल." तुम्ही हो म्हणता, आणि तिथेच खेळ संपतो. म्हणून आधी आरसी शोधा. मग मोबाइलची टॉर्च लावून चॅसिस नंबर आणि इंजिन नंबरचे फोटो काढा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. जुन्या गाडीची नोंद अ‍ॅपवर दिसली नाही तर घाबरू नका. ती कागदी रजिस्टरमध्येच राहिलेली असू शकते. आरटीओत जाऊन 'बॅकलॉग एंट्री'बद्दल विचारा. विकत घेत असाल आणि आरसीच नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करा आणि परत या.

पायरी २: गंज आणि ब्रेक

मुळशीचा पाऊस पत्र्याला माफ करत नाही. जमिनीचा पत्रा, दाराखालची पट्टी आणि चाकांवरची कमान तपासा. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

इंजिन चालू करण्याआधी ब्रेक करा. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच लाइन चारही चाकांना जाते. कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाडीत दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी वाचवते. म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे रबरी होज, सील आणि ऑइल सरळ नवीन टाका. इथे पैसे वाचवू नका.

पायरी ३: इंजिन जागं करणं

थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा आणि मग हँडलने इंजिन हळू फिरवून पाहा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनने उलटा झटका दिला तर पकडीत अडकलेला अंगठा मोडतो.

आता स्पार्क. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत 'पॉइंट' दिसतात. हा एक छोटा स्विच आहे. तो उघडतो त्या क्षणी कॉइलमधला करंट तुटतो आणि प्लगला हाय व्होल्टेज मिळतं. पॉइंटमधली फट साधारण ०.३८ मिलिमीटर हवी. फिलर गेजने मोजा, बारीक पॉलिश पेपरने पॉइंट साफ करा. 'बंद पडलेलं' इंजिन कित्येकदा एवढ्यावरच चालू होतं.

मग कार्बोरेटर. अनेक ब्रिटिश गाड्यांवर एसयू कार्बोरेटर असायचा. त्यात एक पिस्टन असतो आणि त्याच्या टोकाला निमुळती सुई. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनच्या ओढीने पिस्टन वर उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि जास्त पेट्रोल सुटतं. किती हवेला किती पेट्रोल, हा हिशोब आज कॉम्प्युटर करतो. तेव्हा तो एका सुईच्या आकारात भरलेला होता!

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. एक, १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. आजच्या उलट! न बघता बॅटरी लावली तर वायरिंगचं नुकसान होऊ शकतं. दोन, नट इंचांत असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना सैल बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. इंची पान्यांचा सेट वेगळा घ्या.

ई२० पेट्रोल चालेल का?

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला आणि कॉर्कच्या पॅकिंगला खातं, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजवते. शिवाय मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. उपाय असा: इथेनॉल सहन करणारे होज टाका, मिश्रण थोडं रिच करून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका. होज गळतोय का हे दर महिन्याला बघा. गरम इंजिनवर पडलेला पेट्रोलचा थेंब आग लावतो.

आणि हिंजवडीच्या जॅममध्ये तर ही गाडी नेऊच नका. रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनला जोडलेला असतो. गाडी रेंगाळली की पंखाही रेंगाळतो आणि पाणी उकळतं. तिची वेळ रविवारची पहाट!

तीन चाकांचं काय?

ब्रिटनमध्ये तीनचाकी कारचा मोठा शौक आहे. मॉर्गनला पुढे दोन चाकं, तर रिलायंट रॉबिनला पुढे एक. या हलक्या गाड्यांना तिथे कर कमी होता आणि मोटारसायकलचं लायसन्स चालायचं, म्हणून त्या खपल्या. पुढे एकच चाक असलं की वळणावर ब्रेक मारताना वजन पुढच्या कोपऱ्यावर जातं आणि तिथे चाकच नसतं. रिक्षा वळणावर का कलते, याचं उत्तर हेच.

आपल्याकडेही वारसा कमी नाही. बंगळूरला १९७० च्या दशकात 'बादल' ही फायबर बॉडीची तीनचाकी कार बनली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची, तीनचाकी हॅन्सीट तर इतकी गाजली की मराठीत माल वाहणारी प्रत्येक छोटी गाडी 'टेम्पो' झाली. तिचं मूळ मात्र जर्मन.

पण इथेच खरी अडचण आहे. २०२१ च्या नियमातली विंटेजची व्याख्या दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्यांपुरतीच आहे. तीनचाकीचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे ५० वर्षांची अँबेसेडर विंटेज ठरू शकते, पण तेवढीच जुनी हॅन्सीट नाही. ती रस्त्यावर ठेवायची तर साध्या नोंदणीचे आणि फिटनेसचे नियम पाळावे लागतात. मालाच्या जुन्या तीनचाकी पटापट भंगारात जाण्यामागे हेही एक कारण समजा. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर रिस्टोरेशनवर लाखभर खर्च करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आजच करता येतील अशा तीन गोष्टी

१. आरसी, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबरचे फोटो काढून क्लाउडवर ठेवा.
२. कुठलीही वायर किंवा नट काढण्याआधी फोटो घ्या. जोडताना तीच तुमची सर्किट डायग्राम.
३. काढलेला एकही मूळ पार्ट फेकू नका, खराब असला तरी. नवीन बनवायचा झाला तर माप त्याच्यावरूनच घेतलं जाईल.

रंग, सीटकव्हर आणि क्रोम सगळ्यात शेवटी. गाडी आधी चालू दे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबू दे. चमकवायला आयुष्य पडलंय!