धाराशिवला इलेक्ट्रॉनिक्सची फॅक्टरी आली, तर तिला काय विचारायचं?

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना काही आकडे पटकन निघून गेले होते, ते इथे नीट लिहिलेत. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी थेट वाचलं तरी चालेल.

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. मोबाइल, टीव्ही, एसी, सोलर पंपाचा कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्या हल्ली सारख्या म्हणतात, 'आम्ही सस्टेनेबल आहोत'. म्हणजे नेमकं काय करतात? आणि काय करायला पाहिजे?

हे धाराशिवमध्ये बसून बोलायचं कारण सरळ आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं आयटीआय, डिप्लोमा करून रांजणगाव, चाकणची वाट धरतात. रांजणगावला २०२२ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टर मंजूर केलं. सुमारे २९७ एकर जागा, ४९२ कोटींचा खर्च. असं काही आपल्याकडे यावं असं कुणाला वाटणार नाही? धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, इथे रोजगार पाहिजेच.

पण आपला हा पट्टा दुष्काळी. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. धाराशिव शहराची तहान भागवायलाही पार उजनीहून पाणी आणावं लागतं. मग नोकरीही पाहिजे आणि पाणीही पाहिजे, हे जमतं का? जमतं. फक्त फॅक्टरी कोणती आणि ती चालवतात कशी, हे आधी बघावं लागतं.

सगळ्या फॅक्टऱ्यांची तहान सारखी नसते

'इलेक्ट्रॉनिक्सची फॅक्टरी' म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. त्यात किमान तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला, चिप बनवणारी फॅक्टरी. इथे चिपचा थर चढवला की धुवा, पुन्हा थर, पुन्हा धुवा. तेही साध्या पाण्याने नाही, क्षार-कण काहीच उरलेलं नाही अशा अतिशुद्ध पाण्याने. तैवानमध्ये २०२१ ला मोठा दुष्काळ पडला. तिथल्या चिप कंपन्यांनी टँकर लावले आणि सरकारने ७० हजार हेक्टरांहून जास्त शेतीचं सिंचन थांबवलं. शेतकऱ्यांना भरपाई दिली, पण पाणी आधी कुणाला, हा प्रश्न तिथेही आलाच. मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा प्रकार, सर्किट बोर्ड बनवणारी फॅक्टरी. ती हिरवी पाटी असते ना, तिच्यावर तांब्याच्या रेषा उमटवायला रसायनांनी नको असलेलं तांबं काढून टाकतात. मग धुणं आलंच. वापरलेल्या पाण्यात तांबं, कधी निकेल उतरतं. हे पाणी तसंच नाल्यात सोडलं, तर खालच्या विहिरींची वाट लागली म्हणून समजा.

तिसरा, असेंब्ली. तयार चिप, तयार बोर्ड आणायचे, मशीनने बसवायचे, भट्टीतून सोल्डर करायचे, टेस्ट करून खोक्यात भरायचे. इथे प्रक्रियेला पाणी फार कमी लागतं. जास्तीचं पाणी म्हणजे कामगारांचं पिणं, कँटीन, कूलिंग. म्हणून उद्या कुठे घोषणा झाली की पहिला प्रश्न हाच: तिन्हींपैकी कोणती?

आणि पाणी लागतंच असेल, तर उपाय आहेत. एक उपाय आपल्या घरोघरी चालतो. टंचाईत आई कपड्यांचं शेवटचं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी टाकून देत नाही. पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरते. फॅक्टरीतही टाक्या ओळीने लावतात. स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत येतं आणि उलट्या दिशेने सरकत पहिल्या टाकीपर्यंत जातं, माल मात्र पहिलीकडून शेवटच्या टाकीकडे जातो. तेवढ्याने पाणी कितीतरी वाचतं, कारण स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या धुण्यालाच लागतं.

दुसरा उपाय, शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरणं. आपल्याच राज्यात हे होतं. नागपूर महापालिकेचं रोजचं सुमारे १३ कोटी लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी महाजनकोच्या कोराडी वीज केंद्राला दिलं जातं. तेवढंच धरणाचं पाणी वाचलं.

भट्टीचं तापमान आणि विजेचं बिल

आता वीज. असेंब्लीत सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे सोल्डरची भट्टी. इथे एक गंमत आहे. पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असायचं, ते १८३ अंशांना वितळायचं. शिसं विषारी, म्हणून नियमांनी ते जवळपास हद्दपार केलं. आपल्याकडेही बहुतेक उपकरणांच्या भागांत शिसं, पारा यांची मर्यादा ०.१ टक्का आणि कॅडमियमची ०.०१ टक्का आहे. पण शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. म्हणजे विष गेलं, वीज वाढली.

मग करायचं काय? कथील आणि बिस्मथचं मिश्रण १३८ अंशांच्या आसपास वितळतं. लेनोवोने २०१७ मध्ये कमी तापमानाच्या सोल्डरची प्रक्रिया जाहीर केली आणि त्या टप्प्यातलं कार्बन उत्सर्जन ३५ टक्क्यांपर्यंत घटतं, असं सांगितलं. मात्र बिस्मथचा जोड ठिसूळ असतो. फोन हातातून पडला तर जोड टिकला पाहिजे, त्यामुळे चाचण्या जास्त कराव्या लागतात. सांगायचा मुद्दा हा की एका ठिकाणी सुधारलं की दुसरीकडे काय बिघडतंय, तेही बघावं लागतं.

विजेच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. कौडगावला महाजनकोचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. वाशी, भूमकडे गेलात तर पवनचक्क्या दिसतील. पण शेजारी सोलर पार्क आहे म्हणून फॅक्टरी आपोआप हरित होत नाही. रात्रपाळीची वीज कुठून येते, हा प्रश्न उरतोच.

बनवतानाचा भार आणि वापरतानाचा भार

स्मार्टफोनचं गणित बघा. ॲपलने स्वतःच्या आयफोनांबद्दल दिलेल्या अहवालांत एकूण उत्सर्जनापैकी साधारण ८० टक्के वाटा फोन बनवण्याचाच दिसतो. आपण चार्जिंगला वापरतो ती वीज त्यामानाने किरकोळ. म्हणजे तोच फोन २ ऐवजी ४ वर्षं चालला, तर बनवण्याचा वर्षाला पडणारा भार अर्धा होतो.

आता फोन ४ वर्षं चालणं आपल्या हातात किती? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, डिस्प्ले कंपनीशिवाय मिळत नाही, अपडेट बंद. तालुक्याच्या गावात कंपनीचं सर्व्हिस सेंटर सहसा नसतं. एसटी स्टँडजवळचा मोबाइल रिपेअरवाला असतो. त्याला सुटे भाग आणि माहिती मिळाली, तर फोन वाचतो.

युरोपने याचे नियमच केले. २० जून २०२५ पासून तिथे नवीन येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री बंद झाल्यावर ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन दुरुस्त करणं किती सोपं, याचे १० पैकी गुण किमतीशेजारी छापायला सुरुवात झाली. आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्राने अशाच इंडेक्ससाठी समिती नेमली.

एसीचं गणित याच्या उलटं आहे. तिथे मोठा भार वापरताना पडतो: वीज आणि गळणारा गॅस. जुना आर-२२ गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट उष्णता अडवतो. गोदरेजने २०१२ मध्ये आर-२९०, म्हणजे प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या फॅक्टरीत ते बनवले. प्रोपेनचा तापमानवाढीवरचा परिणाम एकअंकी आकड्यात मोजतात. पण प्रोपेन पेटतो, म्हणून गॅस मोजून कमी भरायचा आणि मेकॅनिकला वेगळं प्रशिक्षण द्यायचं, हे कंपनीला करावं लागतं.

जुनं झालं की कुणाचं?

जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीच्यातला बराच भंगारात जातो. तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. धूर भंगारवाल्या पोरांच्या छातीत जातो, ॲसिड जमिनीत.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. कंपनीने पूर्वी विकलेल्या मालाच्या हिशोबाने ठरावीक वाटा नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकल झाल्याचं दाखवायचं. सुरुवातीला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. यात सोलर पॅनेलसुद्धा आहेत. फक्त त्यांच्यासाठी २०३४-३५ पर्यंतचा कचरा कंपन्यांनी साठवून ठेवायचा, असं नियम सांगतो. आज शेताशेतात सोलर पंप बसताहेत. पॅनेल साधारण २५ वर्षं चालतं. आत्ता २० वर्षांचे असलेले श्रोते, तो कचरा तुमच्या चाळिशीत येणार आहे.

यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. चिप, बोर्ड की असेंब्ली? रोज किती पाणी, आणि कुठून?
२. वापरलेलं पाणी पुन्हा किती वापरणार? बाहेर सोडताना तपासणार कोण?
३. दिवसाची आणि रात्रीची वीज कुठून?
४. मालाचे सुटे भाग किती वर्षं मिळणार? बाहेरच्या रिपेअरवाल्यालाही मिळणार का?
५. जुना माल परत घ्यायला जिल्ह्यात जागा कुठे?

कंपनी आली की गावात आधी जमिनीच्या भावाची चर्चा होते, मग कुणाला किती जागा नोकरीच्या मिळणार याची. दोन्ही रास्त आहेत. ग्रामसभेत हे पाच प्रश्नही त्यासोबत मांडा. हार-तुरे, भूमिपूजन व्हायच्या आधी विचारलेत तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

तुमच्या तालुक्यात जुने मोबाइल, बॅटऱ्या कुठे घेतात, माहीत असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!