मागेल त्याला काम

सुगी संपली. मळणी झाली. कडबा रचून झाला. आता पुढचा पाऊस येईपर्यंत कोरडवाहू गावात काम कुठलं? माणसं पारावर बसून राहतात. कोणी म्हणतं, "आळशी झालेत."

पण आळस निराळा आणि काम नसणं निराळं. काम असून जो करत नाही तो आळशी. अंगात बळ आहे, करायची इच्छा आहे, पण कामच नाही, त्यानं काय करावं? बसून खाल्लं तर कणगी रिकामी होते. मग सावकाराचं दार, नाही तर शहराची वाट.

यावर वि. स. पागे यांनी उपाय सुचवला. ते विधान परिषदेचे सभापती होते. गरीब माणूस काम मागेल, तर सरकारने ते द्यावे, असे त्यांचे म्हणणे. 1965 साली तासगाव तालुक्यात विसापूर भागात हे करून पाहिले. 1972 साली मोठा दुष्काळ पडला. लाखो बायाबापड्यांनी खडी फोडली, माती वाहिली आणि घर जगवलं. पुढे 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

पैसा कुठून आला? 1975 पासून नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. तेवढीच भर सरकारने घातली. म्हणजे शहराने खेड्याला हात दिला.

2005 साली दिल्लीनेही असा कायदा केला. त्यात घरटी वर्षाला 100 दिवस कामाची हमी होती.

या कामाचा दुहेरी लाभ आहे. आज मजुरी मिळते. उद्या बांधलेल्या पाझर तलावात पाणी साठतं, जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना उतरतं. विहिरीला पाणी आलं की दुसरं पीक येतं. मग गावातच काम निघतं.

मात्र काम मागावं लागतं. नियम बदलत असतात, म्हणून आधी ग्रामपंचायतीत विचारावं. अर्ज लेखी द्यावा. तारीख घातलेली पोच घ्यावी. पोच नसेल तर आपण काम मागितलं होतं हे दाखवायचं कसं? हजेरीपटावर आपलं नाव व दिवस वाचून पाहावेत. बाईला व पुरुषाला सारख्याच कामाची सारखीच मजुरी आहे, हेही ध्यानात ठेवावं.

आता आपल्याला वाचता येतं. मग न वाचता अंगठा का उठवायचा?