जुन्या इंजिनाची डिझेल लाइन : निपल घेण्याआधी आटे मोजा



पावसाळी बंदीत बोटी वर ओढल्या की इंजिनं उघडली जातात. हेड, रिंग, पंप, नोझल यांच्यावर नाखवा मंडळी हात आखडत नाहीत. डिझेल लाइनीचे नट-निपल मात्र दुकानात जे हाताला लागेल ते आणतात. जुनं इंजिन समुद्रात बंद पडतं तेव्हा पुष्कळदा दोष याच छोट्या वस्तूत निघतो. म्हणून आज एवढ्याच विषयावर लिहितो आहोत.

आपलं खंभातचं आखात साधं नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. पाण्याला ओढ किती असते ते तांडेलांना सांगायला नको. हजिऱ्यासमोर मोठ्या जहाजांची ये-जा असते. अशा जागी ओहोटीला इंजिन थांबलं तर बोट आपल्या हातात राहत नाही, आणि बोटीवर आपलीच माणसं असतात.

एअर कुठून येते?

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन पंप ओढत असतो. टाकी पंपाच्या खाली असेल तर या भागातला सांधा ढिला असला तरी इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. लाइन कोरडी दिसते, पण इंजिन कमी-जास्त होत राहतं आणि लोड आला की बसतं. मग एअर काढायची, चालू करायचं, पुन्हा तेच. टाकी वर असेल तर तोच सांधा थेंब थेंब गळतो. ते डिझेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आगीची भीती.

आटे वेगवेगळे का?

इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशाचा आटा सुचवला. बीएसपी नावाचा पाइपाचा आटा त्याच घराण्यातला. लिस्टरसारखी जुनी इंग्लिश इंजिनं आणि त्यांच्या धर्तीवर राजकोटला बनलेली इंजिनं यांच्या डिझेल लाइनीला हाच आटा सापडतो. आपल्याकडे मेट्रिक मापाचा कायदा १९५६ चा. पुढच्या इंजिनांत मिलिमीटरचे आटे आले, तरी पाइपाचा आटा बीएसपीच राहिला. अमेरिकन घराण्याच्या इंजिनांना एनपीटी असतो, त्याचा कोन ६० अंश.

त्यात अलंग समोरच. तिथे १९८३ पासून जहाजं तुटतात. लाइफबोटीची इंजिनं, पंप, फिल्टर असं सामान तिकडून आपल्या बोटींवर येतं. २०२० पासून हजिरा-घोघा फेरी आहे, त्यामुळे जाणंही सोपं झालं. माल चांगला असू शकतो, पण जहाज कोणत्या देशात बांधलं त्यावर आटा ठरतो. अशा तऱ्हेने एकाच इंजिनावर टाकीला बीएसपी, फिल्टरला मेट्रिक आणि तिसऱ्याच ठिकाणी एनपीटी असा मेळ जमतो.

'दोन सूत' म्हणजे किती?

इथेच मोठा घोळ होतो. पाइपाचा 'दोन सूत', म्हणजे पाव इंची आटा, बाहेरून मोजला तर पाव इंच भरत नाही, चांगला १३ मिमीच्या वर भरतो. ते नाव पाइपाच्या आतल्या जुन्या मापावरून पडलेलं आहे. बीएसपी आट्याची बाहेरची मापं लिहून ठेवा:

• एक सूत : ९.७ मिमी, इंचाला २८ आटे
• दोन सूत : १३.२ मिमी, इंचाला १९ आटे
• तीन सूत : १६.७ मिमी, इंचाला १९ आटे
• अर्धा इंच : २१ मिमी, इंचाला १४ आटे

मेट्रिकमध्ये १०, १२, १४, १६ मिमी अशी सरळ मापं येतात. बेंजो बोल्टला १४ मिमी, दीड पिच हे माप बरेचदा असतं. दोन सूत एनपीटी १३.७ मिमी भरतो, इंचाला १८ आटे.

आता गंमत बघा. दोन सूत बीएसपीचं निपल १४ मिमीच्या भोकात एक-दोन आटे पकडतं आणि मग अडतं. माणसाला वाटतं जाम आहे, म्हणून तो मोठा पाना लावतो. निपल बसतं, पण पंपाच्या बॉडीतले आटे जातात. नवं निपल बाजारात कुठेही मिळेल, जुन्या पंपाची बॉडी मिळणार नाही. अर्ध्या इंचात बीएसपी आणि एनपीटी दोघांनाही इंचाला १४ आटे. ते एकमेकांत छान फिरतात, पण कोन वेगळा असल्याने पुढे गळतात.

निवडायचं कसं?

१. जुनं निपल सोबत न्या. व्हर्नियरने बाहेरचं माप घ्या, पिच गेजने आटे तपासा. गेज नसेल तर ओळखीचं निपल आट्यात आटा घालून उजेडासमोर धरा. फट दिसली तर आटा वेगळा.

२. पुढचं आणि मागचं माप घ्या. सारखं असेल तर सरळ आटा, पुढे बारीक असेल तर उतरता. सरळ आटा हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. तो तांब्याच्या वॉशरवर सील होतो, आट्यावर नाही. उतरता आटा हाताने तीन-चार फेरे जातो, मग पान्याने घट्ट होतो. सरळ भोकात उतरतं निपल ठोकून बसवू नका, बिडाची बॉडी तडकते.

३. वॉशर दर वेळी नवा घ्या. समुद्रावर नाहीच मिळाला तर जुना लाल तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. बेंजोला दोन वॉशर लागतात, एक आत, एक बाहेर.

४. टेफ्लॉन टेप डिझेल लाइनीत नको. तिचे तुकडे सुटून पंपात आणि नोझलमध्ये जातात. उतरत्या आट्याला डिझेल सोसणारं लिक्विड सीलंट लावा, पहिला आटा मोकळा सोडा.

५. नळाच्या दुकानातलं जीआय निपल आट्याला बसेल, तरी लावू नका. त्याचं जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि साबणासारखा थर फिल्टर-नोझलमध्ये धरतो. पितळी किंवा स्टीलचं घ्या.

६. सरळ ताणलेली तांब्याची नळी इंजिनाच्या थरथरीने कडक होऊन तुटते. तिला एक वेटोळं द्या, किंवा इंजिनाजवळ डिझेलसाठीचा रबरी होज घाला.

७. पंपापासून नोझलपर्यंतची नळी स्टीलचीच, आणि तिचे नट पंपाच्या मापाचेच. तिथे दोनशे बारच्या आसपास दाब असतो. गळती शोधायला बोट लावू नका. बारीक धार कातडीत शिरते, बाहेरून टोचल्याएवढंच दिसतं. असं झालं तर घरी न थांबता लगेच दवाखाना गाठा.

समुद्रावर नेण्याआधी

फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन अर्धा तास चालवा. बुडबुडे दिसले तर त्या नळीच्या मागे, टाकीच्या बाजूला, हवा शिरते आहे. एकेक सांधा तपासा. काम झालं की ती नळी काढून टाका.

शेवटी, प्रत्येक सांध्याचं माप एका कागदावर लिहा : टाकी, फिल्टर, फीड पंप, पंप. एक प्रत बोटीवर, एक घरी. बोट दुसऱ्या बंदरात अडकली तर घरचं माणूसही फोनवर बरोबर माप सांगू शकेल. प्रत्येक मापाचं एक निपल आणि चार वॉशर डब्यात ठेवा.

ज्यांच्याकडे व्हर्नियर नाही त्यांनी जुने निपल घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं, आपण बसून मोजू. बंदी उठायच्या आदल्या दिवशी मात्र येऊ नका, तेव्हा बर्फ आणि डिझेलचीच रांग असते.

आपला,
सेक्रेटरी