दिनांक व वेळ, संगणकीय लेखन
दिनांक व वेळ, संगणकीय लेखन : संगणकाच्या स्मृतीत संख्यारूपाने साठविलेला कालक्षण माणसाला वाचता येईल अशा ठराविक आकृतिबंधात मांडण्याची क्रिया. कालक्षण एकच असला, तरी त्याची लेखनरूपे अनेक असतात. म्हणून साठविलेले मूल्य व त्याचे दर्शनी रूप ही परस्परांपासून वेगळी ठेवणे, हे या विषयातील मूलतत्त्व होय.

युनिक्स व तत्सम प्रणालींत १ जानेवारी १९७० रोजी समन्वित जागतिक वेळेनुसार ००:०० वाजल्यापासून लोटलेले सेकंद मोजतात. लीप सेकंद या गणनेत धरले जात नाहीत. उदा., १,००,००,००,००० ही संख्या ९ सप्टेंबर २००१ रोजीची ०१:४६:४० ही वेळ दर्शविते. तोच क्षण भारतीय प्रमाण वेळेनुसार ०७:१६:४० असा, तर न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचा, म्हणजे ८ सप्टेंबरचा, २१:४६:४० असा लिहिला जातो. यावरून वेळेसोबत कालपट्टाही नोंदविणे का आवश्यक असते, हे लक्षात येईल.

लेखनाचा आकृतिबंध आज्ञावलीत सांकेतिक अक्षरांनी दर्शवितात. सी भाषेत टक्केचिन्हापुढील लहान ‘एम’ने महिना, तर मोठ्या ‘एम’ने मिनिटे दर्शविली जातात. जावा भाषेत लहान ‘वाय’ नेहमीचे वर्ष दर्शवितो, तर मोठा ‘वाय’ आठवड्यांच्या गणनेवर आधारलेले वर्ष दर्शवितो. हा भेद न पाळल्यास २९ डिसेंबर २०१४ या दिनांकापुढे २०१५ हे वर्ष छापले जाते. अशी चूक वर्षाच्या सीमेवरील मोजक्या दिवसांतच प्रकट होत असल्याने चाचणीत ती सहसा आढळत नाही.

अंकांचा क्रम देशपरत्वे बदलतो. ०३/०४/२०२४ हा दिनांक भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ४ मार्च असा वाचतात. ही संदिग्धता टाळण्यासाठी १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यानुसार वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवून २०२४-०४-०३ असे लिहितात. असे दिनांक अक्षरक्रमाने लावले, तरी कालक्रम आपोआप साधतो. वाचकासाठी मात्र त्याच्या भाषेतील महिन्यांची नावे व अंक वापरणे इष्ट असते.

आकृतिबंधातील काटकसरही महागात पडते. स्मृती वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवीत. त्यामुळे २००० हे वर्ष १९०० समजले जाण्याचा धोका उद्‌भवला व त्याआधी असंख्य आज्ञावली तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. तसेच, ३२ द्विमान अंकांच्या चिन्हयुक्त संख्येत मावणारी सेकंदांची गणना १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ वाजता (भारतीय वेळ ०८:४४:०७) संपते. त्यापुढील सेकंदाला अशा प्रणाली १९०१ सालचा दिनांक दाखवू शकतात. ६४ द्विमान अंकांची संख्या वापरणे हा त्यावरील उपाय होय.