घड्याळ पन्नाशीला टेकण्याआधी

दसऱ्याला शोरूमच्या दारात ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडते, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं आणि दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर सोयाबीन निघालेल्या रानात नांगर ओढत असतो. हरभऱ्याची पेरणी थांबणार नसते, शेजारपाजारचे भाड्याने नांगरट करून मागत असतात. पाडव्याला घेतलेल्या ट्रॅक्टरच्या वाट्याला याहून कठीण काम येतं : उन्हात वाळून टणक झालेलं काळं रान आणि विदर्भ-मराठवाड्यातला चाळिशी ओलांडलेला पारा. रोज आठ तास काम धरलं, तर डॅशबोर्डवरचं तासांचं घड्याळ आठवड्याभरात पन्नाशीला टेकतं. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिस 50 तासांच्या आसपास सांगतात. म्हणजे मेकॅनिकचा हात लागण्याआधीच ट्रॅक्टरचा सर्वांत नाजूक काळ संपलेला असतो आणि त्या काळात त्याच्याजवळ असतो तो फक्त मालक किंवा ड्रायव्हर.

या काळात आत काय घडतं? सिलिंडरच्या आतल्या बाजूला कारखान्यात मुद्दाम अतिशय बारीक, तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासत घासत आपली जागा धरतात आणि त्यासाठी इंजिनावर थोडा भार असावाच लागतो. नवा आहे म्हणून ट्रॅक्टर बांधावर नुसता सुरू करून ठेवला, तर रिंगा नीट बसत नाहीत, सिलिंडर आतून गुळगुळीत होतो आणि इंजिन पुढे ऑइल खाऊ लागतं. उलट पहिल्याच दिवशी इंजिन दबेपर्यंत नांगर खोल घातला, तर नवे भाग गरजेपेक्षा जास्त तापतात. मध्यम भार, अधूनमधून वेगात बदल आणि सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ हलकं चालवणं, हा त्यातला मार्ग. गिअरचे दातेही याच काळात एकमेकांशी जुळतात आणि त्यांची धातूची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते.

तासांच्या घड्याळाबद्दल एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. जुन्या धाटणीचं, केबलवर चालणारं घड्याळ इंजिनाच्या फेऱ्या मोजतं आणि ठरावीक वेगालाच त्याचा एक तास खऱ्या तासाइतका भरतो. कमी वेगात ते हळू सरकतं. इलेक्ट्रॉनिक घड्याळ प्रत्यक्ष वेळ मोजतं. आपल्या ट्रॅक्टरला कोणतं आहे, हे पुस्तिकेत पाहून ठेवावं.

सकाळची तपासणी मोजून दहा मिनिटांची. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन थंड. डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघायचं. वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरणं म्हणजे जास्त काळजी घेणं नव्हे. जादा ऑइल घुसळलं जाऊन फेसाळतं. मग रेडिएटरमधलं पाणी. मराठवाड्यातल्या कित्येक बोअरचं पाणी इतकं जड असतं की काही महिन्यांत आत क्षार धरतात, म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरावं. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि काड्या बसतात, काटा चढतो आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून साफ होते. समोरून मारली की कचरा आणखी आत रुततो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवावं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते एअर क्लीनरपाशी, आणि तेही बऱ्याचदा प्रेमापोटी. कोरड्या फिल्टरचा कागद रोज काढून टायरवर आपटून झाडण्याची सवय गावोगाव दिसते. आपटल्याने कडा वाकतात, कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यांतून गेलेली धूळ सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरचं काम करते. आठवड्याभरात बसू लागलेल्या रिंगांना याहून मोठा शत्रू नाही. फिल्टर चोंदल्याचा दिवा किंवा निदर्शक दिसला तरच तो काढावा, कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी आणि त्याच्या आतला दुसरा छोटा फिल्टर साफ न करता पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी थेट बदलावा. ऑइल बाथ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाटीतलं ऑइल खुणेपर्यंत हवं आणि तळाला चिखल साचला की ते बदलायला हवं. मध्य प्रदेशात बुदनी इथे 1955 पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचण्यांत एअर क्लीनरमधलं ऑइल इंजिनात ओढलं जातं का, हे स्वतंत्रपणे तपासतात. इतकं बारीक लक्ष ज्या भागाकडे दिलं जातं, तो आपल्याकडे सहज आपटला जातो, हे खटकतं.

डिझेलचंही तसंच. पंपावरून कॅनमध्ये आणलेलं डिझेल थोडं निवळू द्यावं, गाळून ओतावं आणि टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत रात्रभर दमट हवा राहिली की पाण्याचे थेंब धरतात. फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साचलेलं पाणी काढता येतं. डिझेल संपून ट्रॅक्टरने एअर घेतली, तर साध्या पंपाच्या इंजिनाची एअर काढणं घरी शिकण्याजोगं आहे. मात्र 2023 च्या जानेवारीपासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि त्या गटात कॉमन रेल इंजिनं आली. त्यांच्या नळ्यांमधला दाब प्रचंड असतो, तिथे पाना लावू नये.

चाकांच्या नटांकडे तर पहिल्याच दिवशी वळावं. नव्या चाकावर नटाखाली रंगाचा थर असतो. तो दबला की घट्ट आवळलेला नटही सैल पडतो. काही तास काम झालं की सगळे नट पुन्हा आवळायचे. ऊस वाहणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर निघण्याआधी तर हे चुकवूच नये. भंडारा-गोंदिया आणि कोकणात, चिखलणीच्या दिवसांत पुढच्या हबला रोज ग्रीस हवं, कारण नवं ग्रीस आत शिरलेलं पाणी आणि चिखल बाहेर ढकलतं. निपल आधी फडक्याने पुसावं, नाहीतर ग्रीस गन त्यावरची मातीच आत दाबते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. क्लचच्या पेडलची मोकळी चाल या दिवसांत कमी होत जाते. ती पुस्तिकेतल्या मापाशी ताडून बघावी.

यातलं काहीही करताना इंजिन बंद, चावी खिशात, पीटीओ सोडवलेला आणि मागचं अवजार जमिनीवर टेकवलेलं हवं. रोटाव्हेटर उचललेल्या स्थितीत ठेवून त्याखाली हात घालू नये.

पहिलं ऑइल मात्र शोरूमच्या सर्व्हिसलाच बदलून घ्यावं, कारण हमी त्या कूपनाशी आणि तासांची नोंद असलेल्या बिलाशी बांधलेली असते. ट्रॅक्टर सोडून चहाला जाऊ नये, तिथेच उभं राहावं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल, तर त्यावरची करड्या रंगाची पूड बघावी : तेवढी अपेक्षितच असते, बोटाला टोचेल असा तुकडा निघाला, तर तिथल्या तिथे दाखवून नोंद करून घ्यावी. हायड्रोलिकची जाळी धुतली का, असं स्पष्ट विचारावं. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक एकाच ऑइलमध्ये असतात. तिथे दुसऱ्या दर्जाचं ऑइल पडलं, तर ऑइलमधले ब्रेक कुरकुरू लागतात. डब्यावरचं नाव वाचावं, तोच दर्जा वहीत लिहावा आणि पुढची सर्व्हिस किती तासांना, हा आकडा त्याच पानावर टिपून ठेवावा.