मनगट, कंबर आणि घाट
आपली दुचाकी, आपला रस्ता : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की नुसत्या सीसीच्या आकड्यावरून गाडी कळत नाही. आजचा प्रश्न त्याहून अवघड आहे : क्रूझर घ्यावी की स्पोर्ट बाइक? शोरूममध्ये हा निर्णय बहुतेकदा डोळे घेतात. तो मनगटांनी आणि कमरेने घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

रोज दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ. रॉयल एनफिल्डची क्रूझर मिटिऑर ३५० आणि यामाहाची स्पोर्ट बाइक आर१५. मिटिऑरची ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास, आर१५ची अठराच्या. आकडे इतके जवळ, तरी एकीवरून उतरून दुसरीवर बसलं की सगळंच बदलतं, कारण ही ताकद इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळते ते वेगळं आहे. मिटिऑरचं ३४९ सीसीचं इंजिन २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच देतं. आर१५चं १५५ सीसीचं इंजिन १४.२ न्यूटन-मीटर देतं, तेही ७,५०० आरपीएमला, आणि पूर्ण ताकद हवी तर काटा १०,००० पर्यंत न्यावा लागतो.

याचा अर्थ आंबा घाटाच्या चढावर कळतो. डबलसीट, वर दोन बॅगा. क्रूझर वरच्या गिअरमध्ये संथपणे चढत राहते. स्पोर्ट बाइकला गिअर खाली आणून इंजिन चढं ठेवावं लागतं. ज्याला गिअर बदलत वळणं घेण्यातच आनंद आहे, त्याला याचा त्रास वाटणार नाही, उलट त्यासाठीच तो घाटात जातो. पण ज्याला घरच्यांना घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला पोचायचंय, तो दमतो. शिवाय आर१५ची मागची सीट उंच आणि अरुंद आहे, ही तक्रार चालवणाऱ्याला नाही, मागे बसणाऱ्याला विचारा.

आता शरीराचं. स्पोर्ट बाइकवर हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे, त्यामुळे अंग पुढे झुकतं आणि भार तळहातांवर येतो. वेग वाढला की समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो आणि मनगटं हलकी होतात. रहदारीत तो वारा नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्या वेगासाठी ही बैठक आखली आहे, तो आपल्या रस्त्यांवर क्वचितच मिळतो.

क्रूझरची बैठक ऐसपैस असते. पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून धक्का पायांत झेलता येत नाही, तो थेट माकडहाडाला बसतो. पावसाळ्यानंतरच्या महामार्गावर हे फार जाणवतं, आणि पाठीचं जुनं दुखणं असणाऱ्यांनी 'क्रूझर म्हणजे आराम' हे समीकरण तपासून पाहिल्याशिवाय मानू नये.

वजनही लक्षात घ्या. मिटिऑर १९१ किलोची, आर१५ तिच्याहून सुमारे पन्नास किलोंनी हलकी. उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना हे पन्नास किलो भारी पडतात. उलट मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, आर१५ची ८१५ वर. उंची बेताची असेल तर दोन्ही पाय जमिनीला टेकणं हीच मोठी सुरक्षितता. तीव्र वळणात मात्र क्रूझर लवकर फूटरेस्ट घासते, तेव्हा तिला स्पोर्ट बाइकसारखं झुकवू नका.

माझा कौल असा : आठवड्यातले सहा दिवस गर्दीत ऑफिस असेल तर या दोन्हींपेक्षा ताठ बसवणारी साधी दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी बरी. जोडीने लांब जायचं असेल तर क्रूझर. एकट्याने, पहाटे, घाटासाठीच घाटात जाणाऱ्याने स्पोर्ट बाइक घ्यावी आणि मनगटं दुखली तरी पस्तावू नये.

टेस्ट राइडला शोरूमभोवती एक फेरी मारून परतू नका. अर्धा तास मागून घ्या, एखादा खराब रस्ता निवडा, आणि जे रोज मागे बसणार आहेत त्यांना सोबत न्या.