जुन्या गाडीला नवे ब्रेक

जुन्या फियाटला नवा रंग, नवी सीट कव्हरे आणि चकचकीत बंपर लावून घेणारे हौशी लोक बरेच भेटतात. ब्रेककडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी घरोघरी जपलेल्या फियाट अजून रस्त्यावर येतात. पुढे धावणारी आजची गाडी मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी अंतरात थांबते.

एकच मार्ग, मोठा धोका

साठच्या दशकातल्या फियाट ११०० च्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल एकाच मार्गाने चारही चाकांपर्यंत जोर पोचवते. एका चाकाजवळचा रबरी पाइप फुटला, तर चारही ब्रेक जातात. उरतो फक्त हँडब्रेक.

म्हणून पहिला खर्च दोन मार्गांच्या मास्टर सिलिंडरवर करा. पुढच्या चाकांचा मार्ग वेगळा, मागच्या चाकांचा वेगळा. एक निकामी झाला, तरी दुसरा गाडी थांबवतो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीची झाली. गाडीचे बाहेरचे रूपही यात बदलत नाही.

डिस्क कधी बसवावी?

घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर थंड होते. ब्रेक लावताना भार पुढे येतो, म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क पुरते. मागे ड्रम ठेवले की हँडब्रेकही पूर्वीसारखाच चालतो.

मात्र डिस्कसाठी पाय जास्त जोराने दाबावा लागतो. त्यासाठी व्हॅक्यूम बूस्टर हवा. मास्टर सिलिंडरही डिस्कला जुळणारा घ्या. ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या मार्गात राहिला, तर पॅड सतत घासतात. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत नाहीत ना, हे मोकळ्या जागी तपासून घ्या.

आधी एवढे कराच

लायनर, व्हील सिलिंडर आणि रबरी पाइप चांगले नसतील, तर प्रथम तेच बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदला. त्याऐवजी इंजिन ऑइल कधीही टाकू नका, त्याने रबर फुगून खराब होते.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात असणे आवश्यक आहे. तेव्हा डिस्क बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या.

इंजिन बंद पडले, तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक गेले, तर ती उभीच राहत नाही. म्हणूनच रंगाचा विचार नंतर, ब्रेकचा आधी.